मागून हाक

तिसऱ्या शनिवारी कोर्स घेणाऱ्या बाईंनी, फ्राऊ टीमानने, आम्हाला एक साधा प्रश्न विचारला आणि माझी सकाळ नासवली. पोलिसांच्या आधी, तुम्ही प्यायलेले आहात हे कोणाला कळलं होतं? आम्ही सहा जण गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसलो होतो. तिने प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि म्हणाली, त्या दिवशी घरातून निघताना दाराशी कोण होतं तेवढंच लिहा, बाकी नंतर बघू. माझ्या शेजारचा छपरं दुरुस्त करणारा दाढीवाला कुत्र्याचं नाव लिहून मोकळा झाला, कारण त्याच्या दाराशी तेवढाच होता. मी पेन धरून बसून राहिलो. ही बाई हे कागद गोळा करून पुढे कुठे पाठवते, हाच पहिला विचार माझ्या डोक्यात आला. पहिल्या दिवशी तिने सांगितलं होतं की या खोलीत बोललेलं या खोलीतच राहील, आणि जो माणूस असं आवर्जून सांगतो त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. शेवटी 'पत्नी' एवढा एकच शब्द लिहिला आणि कागदाची घडी करून तिच्या हातात दिली. तिने घडी न उघडता तो फाइलमध्ये ठेवला, हेही मला संशयास्पद वाटलं.

हा कोर्स दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदाच सापडलेल्यांसाठी आहे. चार शनिवार ब्राउनश्वाइगला यायचं, रोज किती प्यायलो त्याची डायरी लिहायची, गोलात बसून खरं बोलायचं, आणि शेवटी बाईंनी सर्टिफिकेट दिलं तर कोर्ट लायसन्सवरची दहा महिन्यांची बंदी दोनेक महिन्यांनी कमी करण्याचा विचार करतं. विचार करतं, करेलच असं नाही. वोल्फ्सबुर्गमध्ये गाडीशिवाय राहणं म्हणजे काय हे तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. अख्खं गाव गाड्या बनवतं आणि गाडीनेच दूध आणायला जातं. मी तिथे एकोणीस वर्षं गाड्यांच्या दारांचं सॉफ्टवेअर लिहितोय. कुठलं दार केव्हा लॉक व्हावं ते मी ठरवतो. ऑफिसात मी सांगितलंय की डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली आहे. मराठी मंडळात सांगितलंय की साडेसाती चालू आहे, वाहनापासून जपायचं आहे. इंजिनिअर माणसाने असं सांगितल्यावर कोणीतरी हसेल असं वाटलं होतं, पण सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि तिथल्या शिरीषने तर मारुतीला तेल वाहायचा सल्ला दिला. आईलाही तेच सांगितलं. ती तेव्हा पुण्याहून आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आलेली होती. पोलिसांनी कागदपत्रांसाठी अडवलं होतं, आणि आता साडेसातीमुळे मी गाडी चालवणार नाही, एवढं ऐकून ती 'बरं' म्हणाली आणि त्या आठवड्यापासून दर शनिवारी उपवास करायला लागली. पुण्याला परत गेली तरी करतेच आहे. वय अठ्ठ्याहत्तर, डायबेटीस आहे. फोनवर मी नको म्हणतो, ती 'असू दे रे' म्हणते. माझ्या एका थापेपायी म्हातारी उपाशी राहते याची मला लाज वाटते, पण थाप मागे घ्यायची तर खरं सांगावं लागेल.

दाराशी कोण होतं? तो एप्रिलचा शेवट होता आणि केयाचा, माझ्या मुलीचा, गणिताचा पेपर होता. आबिटूर, म्हणजे इथली बारावी. पेपर नऊला होता आणि मी तिला सोडणार होतो. शाळा सायकलने पंधरा मिनिटांवर, पण मुलगी बारावीच्या पेपरला सायकलने जाणार हे आमच्या घरात कोणाच्या मनातही येऊ शकत नव्हतं. आईने वाटीतलं दही केयाच्या हातावर ठेवलं, तिने ते चाटलं आणि गाडीत जाऊन बसली. मग आई मला म्हणाली, तूही घे, तू नेतोयस. माझ्या तळहातावर दही ठेवताना तिचा चेहरा माझ्या अगदी जवळ आला होता. आदल्या संध्याकाळी आम्ही शिरीषकडे त्याच्या नव्या घराच्या पार्टीला गेलो होतो. माझी बायको कुमुदिनी उंबऱ्यात उभी होती. मी फाटकापर्यंत पोचलो तेव्हा पाठीमागून माझ्या नावाचं पहिलं अक्षर ऐकू आलं, नुसतं 'चा', आणि लगेच आईचा आवाज, की कुमुद, मागून हाक मारू नये. मी वळलो नाही. समोरच्या घरात फ्राऊ बेरेन्सचा पडदा हलला, किंवा मला आता तसं वाटतं. पुढच्या दहा मिनिटांत शाळेच्या अलीकडच्या चौकात पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. फुंकायला नळी दिली तेव्हा माझा तळहात दह्याने चिकट होता. केया उतरली आणि दप्तर छातीशी धरून उरलेलं अंतर पळत गेली. तिला पंधरापैकी नऊ मिळाले. तेरा-चौदाच्या खाली ती कधी उतरली नव्हती. आता ती ब्राउनश्वाइगलाच शिकते, या खोलीपासून चार ट्रामस्टॉपवर राहते, आणि मी दर शनिवारी इथे असतो हे तिला ठाऊक नाही. मी फोन केला की मराठीतल्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देते. आल्झो बाबा, म्हणजे बरं तर बाबा, मला लेक्चर आहे, असं म्हणून ठेवून देते.

वकिलाने पोलिसांची फाइल मागवली तेव्हा त्यात एक ओळ सापडली आणि तेव्हापासून मला धड झोप नाही. सात वाजून एकोणपन्नास मिनिटांनी एका बाईने फोन केला, गाडीचा नंबर आणि रंग सांगितला, चालक प्यायलेला आहे आणि शेजारी एक मुलगी बसली आहे असं सांगितलं, आणि आपलं नाव कुठे येऊ नये अशी विनंती केली. आम्ही निघालो सात पंचेचाळीसला. म्हणजे चार मिनिटं. चार मिनिटांत रस्त्यावरच्या परक्या माणसाला काय कळणार? फोन करणाऱ्या बाईने मला जवळून पाहिलं होतं, माझा वास घेतला होता, आणि तिला जर्मन येत होतं. आधी मला फ्राऊ बेरेन्सचा संशय आला. एकटी बाई, दिवसभर खिडकीत, प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत काच टाकली तर बेल वाजवून सांगणारी. पण तिच्या खिडकीपर्यंत माझा वास कसा जाईल? मग उरलं कोण? माझ्या नावाचं पहिलं अक्षर जिच्या तोंडात अडकून राहिलं ती. आईने तिला हाक मारू दिली नाही, आई देवघराकडे वळली असेल, आणि हिने फोन उचलला असेल.

बायकोवर संशय घेणं सोपं नसतं असं म्हणतात. मला ते फार सोपं गेलं. एकदा ठरलं की सगळं त्यातच बसायला लागतं. ती आंघोळीला गेली की मी तिचा फोन बघायचो. एप्रिलचे कॉल त्यात नव्हते, आणि नव्हते याचाच मी पुरावा केला. जेवताना मी सहज म्हणायचो की हल्ली पोलिसांना फोन केला तर लगेच येतात म्हणे, आणि तिच्या हाताकडे बघायचो. ती भाकरी मोडत राहायची. पूर्वी मी निघताना ती किल्ली, रुमाल, डबा असं क्रमाने माझ्या हातात द्यायची. लग्नानंतरची तेवीस वर्षं तिने हे केलं. आता किल्ली तिच्या पर्समध्ये असते, आणि डबा ओट्यावर ठेवलेला असतो, ज्याने त्याने उचलावा तसा. शनिवारी ती मला स्टेशनवर सोडते. शेजारी बसलो की माझा हात आपोआप पट्ट्याकडे न जाता दाराकडे जातो. ती गाडी फार जपून चालवते, आणि ते जपून चालवणंही मला टोमणा वाटतं. एकदा तिने विचारलं, काय बघतोयस एवढं? मी म्हटलं, काही नाही. सहा महिन्यांत आमचं सगळ्यात मोठं बोलणं हे असेल.

त्याच तिसऱ्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर फ्राऊ टीमानने फळ्यावर माझं गणित मांडलं. सकाळी साडेआठला रक्तात एक पूर्णांक तेवीस प्रोमिले, म्हणजे हजारात एवढा भाग अल्कोहोल. शरीर तासाला किती जाळतं, शेवटचा घोट केव्हा, असं ती उलट मोजत गेली आणि दोन प्रोमिलेच्या आसपास पोचली. मग तिने माझ्या तीन बिअर आणि दोन छोट्या व्हिस्की शेजारी लिहिल्या. शांतपणे म्हणाली की इथे जवळजवळ अर्धी बाटली कमी पडते आहे, ती कुठे गेली? दाढीवाला हसला. मी म्हणालो की आमच्याकडे यजमान ग्लास रिकामा होऊ देत नाहीत, आग्रहाने भरत राहतात, त्यामुळे मोजता येत नाही. हे अगदी खोटं नव्हतं. तिने 'या, या', म्हणजे जर्मनमधलं हो, हो, म्हणत ते लिहून घेतलं. पण अर्धी बाटली शिरीषकडे गेली नव्हती. ती आमच्या केलरमध्ये गेली, घराखालच्या तळघरात, वॉशिंग मशीनच्या मागे, गणपतीच्या मखराच्या खोक्यात. आई घरात असताना वर पिणं शक्यच नव्हतं, म्हणून मी कपडे लावायला खाली जायचो, आणि सोबत स्टीलचा पेला न्यायचो. आई गेली तरी कपडे मीच लावतो. डायरीत मी रोज शून्य लिहितो, गोल, सुबक शून्य.

स्टीलचा पेला मला बाबांनी शिकवला, म्हणजे शिकवला असं नाही, मी बघितला. आमच्या घरात बाबांचा एक पेला वेगळा असायचा, त्यावर आत्माराम असं नाव कोरलेलं, आणि त्यातलं कोकम दुसऱ्या कोणी प्यायचं नाही असा नियम होता. त्या कोकमाला फोडणीच्या हिंगापेक्षा उग्र वास यायचा. मी आठ वर्षांचा असताना बाबा मला स्कूटरवर पुढे उभं करून तळेगावला एका मुंजीला निघाले. आई मागून धावत आली आणि तिने हाक मारली. बाबा थांबले नाहीत. दापोडीच्या पुढे कुत्रा आडवा आला, स्कूटर पडली, माझी हनुवटी फुटली आणि बाबांचा पाय मोडला तो कायमचा. आजीने हॉस्पिटलातच सगळ्यांसमोर सांगितलं की सूनबाईने मागून हाक मारली म्हणून हे झालं. पुढे जो कोणी बाबांना लंगडताना बघायचा त्याला हेच सांगितलं जायचं. आई चहाचे कप घेऊन ते ऐकत उभी असायची. मीही तेच ऐकत मोठा झालो. शकुनावर माझा विश्वास नाही, पण आजही कोणी मागून हाक मारली की माझी हनुवटी चुरचुरते.

चौथ्या आणि शेवटच्या शनिवारी फ्राऊ टीमानने विचारलं, प्यायलेल्या माणसाच्या गाडीत तुम्ही पहिल्यांदा केव्हा बसलात? बाकीच्यांनी भराभर सांगितलं, मामाचा ट्रॅक्टर, मित्राची मोपेड. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, कधीच नाही. दाढीवाल्याने माझ्या हनुवटीकडे बोट दाखवून विचारलं, मग ते काय? माझं अंग तापलं. चार आठवडे हा माणूस माझं तोंड निरखत बसला होता. मी सरळ ते कुत्रं सांगितलं, स्कूटर सांगितली, आणि हे लोक हसतील हे माहीत असून मागून मारलेली हाकही सांगितली. कोणी हसलं नाही. फ्राऊ टीमानने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तुमचे वडील त्या दिवशी काय प्यायले होते? कोकम, मी म्हणालो. आणि तोंडातून तो शब्द बाहेर पडताना मला तो वास आला, हनुवटी स्कूटरच्या हँडलला टेकलेली आणि डोक्याच्या वरून येणारा तो उबट, उग्र वास. बाबा जाऊन बारा वर्षं झाली. डॉक्टर लिव्हर म्हणाले होते, आम्ही नातेवाइकांना कावीळ सांगितली. मला खोलीतून उठून जावंसं वाटलं, पण सर्टिफिकेट घ्यायचं होतं म्हणून बसून राहिलो. तिने ते दिलं. डायरी चाळून, सगळी शून्यं बघून, माझ्याकडे एकदा बघून दिलं.

वोल्फ्सबुर्ग स्टेशनवर कुमुदिनी गाडीत बसून होती. तिने सर्टिफिकेट हातात घेऊन वाचलं आणि 'छान' म्हणाली. तिला वाणसामानाला जायचं होतं, घरी पोचल्यावर पिशव्या घ्यायला ती आत आली. मी बूटसुद्धा काढले नव्हते. इतके महिने मनात घोळवलेली वाक्यं, पुरावे, सापळे, त्यातलं काही तोंडात आलं नाही. मी नुसतं विचारलं, "त्या दिवशी फोन तू केलास ना?"

ती पिशवीची घडी उलगडत होती, ती थांबली. रागावेल असं मला वाटलं होतं, पण ती दमल्यासारखी भिंतीला टेकली.

"म्हणजे सहा महिने तू हे बघत होतास माझ्याकडे," ती म्हणाली. "नाही. मी नाही केला. करायला हवा होता, तेवढी अक्कल आणि हिंमत मला नव्हती. मला आईंनी शपथ घातली होती, चारूने सरळ विचारलं तर सांगायचं, नाहीतर नाही. आज विचारलंस. आता त्यांनाच विचार."

तिच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला नाही. शपथा, निरोप, सासूला पुढे करणं, सगळं रचलेलं वाटलं. तिच्यासमोरच आईला व्हिडिओ कॉल लावावा, म्हणजे दोघींचं सोंग एकदम उघडं पडेल, अशा ईर्ष्येने मी फोन लावला. पुण्यात संध्याकाळ झाली होती. आई खुर्चीत होती, मागे दिवा लावलेला दिसत होता. मी इकडचं तिकडचं न बोलता तिला विचारलं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"मी केला म्हण," ती म्हणाली. "मला कुठे ती भाषा येते? तुमची गाडी वळली, तशी मी समोरच्या बाईकडे गेले. हातात दह्याची वाटी तशीच. बेल दाबली आणि सांगितलं, सन, ड्रिंक, गर्ल, पोलीस. तेवढं कळलं तिला. फार चांगली बाई आहे. मला बसवलं तिने, पाणी दिलं."

कुमुदिनी माझ्या मागे उभी होती हे मला श्वासावरून कळत होतं. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या दिवशी काय पाहिलं असेल ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. घरातल्या सपाता घालून रस्ता ओलांडणारी आई, दोन्हीकडे बघत, आणि तिच्या हातातली वाटी. सहा महिने मी एका बाईला घरात संशयाने बघत होतो, आणि हे काम करणारी माझी आई दर शनिवारी माझ्यासाठी उपाशी राहत होती. मला राग आला. मला तिचा खरंच राग आला, तो लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणालो की केयाचा पेपर होता. मी म्हणालो की मला थांबवायचं होतं तर घरातच थांबवायचं, कुमुद हाक मारत होती, तिला तूच गप्प केलंस.

"तिने हाक मारली असती आणि पुढे काही झालं असतं, तर जन्मभर तिचंच नाव घेतलं असतं सगळ्यांनी," आई म्हणाली. "तुझ्या बाबांचा पाय बाटलीने मोडला. चाळीस वर्षं तो माझ्या हाकेने मोडला म्हणून ऐकलं मी. पोरीला ते कशाला? आणि हाक मारली असती तर थांबला असतास तू?"

ती माझ्याकडे बघत होती, किंवा फोनमध्ये जिथे मी दिसत होतो तिकडे. साडेसातीचं मी काढणार तेवढ्यात तीच म्हणाली की शनीबिनी काही नाही रे, पोटच्या मुलाला पोलिसांत दिलं, एक दिवस उपाशी राहिले तर काय बिघडलं. मग म्हणाली की आता वरईचे तांदूळ लावायचे आहेत, स्वरूपा येईल, ठेवते. स्वरूपा म्हणजे तिच्याकडे कामाला येणारी बाई. फोन ठेवल्यावरही मी तो तसाच समोर धरून होतो.

कुमुदिनीने पिशव्या उचलल्या. रडत वगैरे नव्हती. दुकान आठला बंद होतं, उद्या रविवार म्हणजे सगळं बंद, दूध नाही, एवढंच म्हणाली आणि पर्समधून किल्ली काढून निघाली. मी दारात उभा राहिलो. त्या दिवशी ती जिथे उभी होती त्याच जागी, उंबऱ्यात. समोर फ्राऊ बेरेन्सच्या खिडकीत दिवा होता. ती बाई गेले सहा महिने मला रोज गुटन टाग म्हणून नमस्कार करते, तिच्या आवाजात खोट आहे असं मला वाटायचं. कुमुदिनी पायऱ्या उतरली, फाटकाशी पोचली. ती गेली की पाच मिनिटांत मी केलरमध्ये असतो, मशीन लावलेलं असतं, खोक्यातलं मखर बाजूला असतं, आणि डायरी संपलेली असल्यामुळे आता शून्यही लिहायचं नव्हतं. माझे पाय खरोखरच तिकडे वळले होते. हनुवटी चुरचुरायला लागली.

"कुमुद," मी मागून हाक मारली.

ती थांबली.